तिसऱ्या लढतीला शस्त्र मंदावतं, लिपो फुगतो, आणि दर वेळी पहिलाच सेल

लढाऊ रोबोट, आणि त्यात लिपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा पॅक. लक्षणं अशी. पहिली लढत व्यवस्थित होते. दुसरीत शस्त्र वेग घ्यायला जरा वेळ लावतं. तिसरीत दीड-दोन मिनिटं झाली की शस्त्र मंदावतं, सावरतं, पुन्हा मंदावतं. पिटमध्ये येऊन झाकण उघडलं तर पॅक हाताला चटका बसेल इतका गरम, आणि एका अंगाने उशीसारखा फुगलेला. नवा पॅक टाकला की पुढची स्पर्धा बरी जाते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोरेगावला एका औद्योगिक वसाहतीत आमचा अर्धा गाळा आहे. शनिवार-रविवारी इंजिनिअरिंगची मुलं-मुली तिथे ३ पौंडांच्या, म्हणजे १.३६ किलोच्या वर्गातले रोबोट बांधतात. वायरिंग आणि बॅटरी मी बघते. एकाच मोसमात या मुलांनी चार पॅक घालवले, तेही आपसात वर्गणी काढून घेतलेले. दर वेळी निष्कर्ष एकच, "ताई, माल खराब आला." चौथा पॅक त्यांनी मुद्दाम जास्त सी-रेटिंगचा, म्हणजे क्षमतेच्या जास्त पट करंट देऊ शकणारा, घेतला. तोही फुगला. तेव्हा मी पाचवा घेऊ दिला नाही. चार वेगवेगळ्या पॅकांना तोच आजार होत असेल तर आजार पॅकमध्ये नसून रोबोटमध्ये किंवा आपल्या सवयीत आहे, असं धरून चालायला हवं. तुमच्याकडेही हेच होत असेल तर खर्च करण्याआधी तीन गोष्टी मोजा.

पण मोजण्याआधी फुगलेला पॅक बाजूला काढा. आत इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार झालेला असतो, त्यामुळे थैली फुगते. तो दाबून बसवायचा नाही, टाचणीने भोक पाडून वायू सोडायचा नाही, "एवढी एकच लढत काढू" म्हणून परत चार्जही करायचा नाही. टोक रुतलं की आतले दोन थर एकमेकांना टेकतात आणि काही सेकंदांत धूर, मग ज्वाळा. निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो, म्हणून बंद खोलीत तर हा प्रयोग नकोच. वाळूच्या बादलीत ठेवून पॅक गॅलरीत न्या, पुढचं नंतर.

काय मोजलं आणि त्यातून काय कळलं

सगळ्यात आधी, लढतीनंतर चार्जरने पॅकमध्ये किती एमएएच परत भरले तो आकडा बघा. जवळपास प्रत्येक बॅलन्स चार्जर, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा चार्जर, तो दाखवतो आणि जवळपास कुणीच तो लिहून ठेवत नाही. आमचा पॅक ३ एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल, ८५० एमएएच. तीन मिनिटांच्या पूर्ण लढतीनंतर परत गेले ६१० एमएएच. म्हणजे क्षमतेच्या ७२ टक्के वापर. ८० टक्क्यांच्या आत आहोत तोवर क्षमता पुरेशी धरायला हरकत नाही. तुमचा आकडा ७५० किंवा ८०० येत असेल तर मात्र शोध इथेच थांबला: पॅक लहान पडतोय, वजनात बसवून मोठा घ्या. आमचं तसं नव्हतं.

याच आकड्यातून सरासरी करंटही मिळतो. तीन मिनिटं म्हणजे तासाचा विसावा भाग. ६१० ला २० ने गुणलं की १२,२०० मिलिअँपिअर, म्हणजे १२ अँपिअरच्या आसपास. शस्त्र शून्यातून वेग घेताना किंवा समोरच्यात अडकून थांबलं असताना क्षणभर ४० अँपिअरपर्यंतही जातं. ८५० एमएएचचा ७५ सीचा पॅक कागदावर जवळपास ६४ अँपिअर देतो. छापील सी-आकडा बहुधा फुगवलेलाच असतो, पण तो निम्मा धरला तरी सरासरीच्या कितीतरी वर आहोत. म्हणजे पॅकची निवड चुकलेली नव्हती, आणि जास्त सी-रेटिंगचा पॅक घेऊन आम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर विकत घेतलं तो प्रश्न आमचा नव्हताच.

दुसरी मोजणी, प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा. इथे मला मुलांना खूप वेळ समजवावं लागलं, म्हणून जरा थांबून लिहिते. सगळ्यांना पॅकचा एकूण व्होल्टेज बघायची सवय असते. ३ एस पॅक भरलेला १२.६, साधारण ११.१, आणि ९ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढं पाठ असतं. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तोसुद्धा एवढंच बघतो. समजा लोड असताना दोन सेल ३.६ वर आहेत आणि तिसरा २.४ वर कोसळलाय. बेरीज ९.६. ईएससीच्या हिशेबात प्रत्येक सेल ३.२ वर, कटऑफची, म्हणजे मोटरची वीज तोडायची, गरज नाही. प्रत्यक्षात एक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन खराब होतोय आणि ते कुणालाच दिसत नाहीये. आणखी थोडं खाली गेलं की कटऑफ लागतो, शस्त्र मंदावतं, लोड सुटल्याबरोबर व्होल्टेज वर येतो आणि शस्त्र परत फिरतं. वर सांगितलेली धापा टाकण्याची लक्षणं ती हीच.

म्हणून लढत संपल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत बॅलन्स कनेक्टरला (प्रत्येक सेलच्या बारीक तारा जिथे येतात त्या छोट्या प्लगला) सेलचा व्होल्टेज दाखवणारा चेकर लावा आणि तिन्ही आकडे लिहा. पॅकवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरच पेनाने लिहिलेलं उत्तम, वही हरवते. बॅलन्स कनेक्टरची काळी तार ज्या बाजूला, तिकडचा सेल पहिला. आमच्या टेपवर आलं: ३.४१, ३.७०, ३.७१. आधीचे फुगलेले पॅक मुलांनी नशिबाने टाकले नव्हते. उलटून पाहिले तर तिन्हींमध्ये फुगलेली बाजू काळ्या तारेचीच.

सेल दर वेळी वेगळा निघाला असता तर पॅकच्या दर्जावर संशय घेता आला असता. चार पॅकांमध्ये तोच सेल म्हणजे बाहेरून काहीतरी फक्त त्याच्यावर भार टाकतंय.

तिसरी मोजणी अंतर्गत रोधाची. बरेच चार्जर सेलगणिक मिलिओह्म दाखवतात. आकडा तापमानावर आणि चार्जवर बदलतो, त्यामुळे नेहमी पॅक पूर्ण भरून, खोलीच्या तापमानाला आल्यावर आणि त्याच चार्जरवर बघायचा. आमचा नवीन असताना प्रत्येक सेल ८ च्या आसपास होता. तीन स्पर्धांनंतर दोन सेल ९, पहिला २५. आता हिशेब करा. ४० अँपिअरला ८ मिलिओह्मच्या सेलमध्ये ०.३२ व्होल्ट पडतात, २५ मिलिओह्मच्या सेलमध्ये पूर्ण १ व्होल्ट. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: निरोगी सेलमध्ये १३ वॅटच्या आत, आजारी सेलमध्ये ४० वॅट. बाकावरची साधी सोल्डरिंग गन ४० वॅटच्या आतबाहेरची असते. तेवढी उष्णता, जरी काही सेकंदच, त्या पातळ थैलीच्या पोटात तयार होते. फुगणार नाही तर काय.

मग पहिल्याच सेलवर भार कोण टाकत होतं?

अलार्म. बॅलन्स कनेक्टरला लावायचा तो छोटा व्होल्टेज अलार्म, सुरक्षेसाठी म्हणूनच घेतलेला.

आमच्या रोबोटचं झाकण आठ स्क्रूंनी बंद होतं. दर लढतीला ते उघडायचा कंटाळा म्हणून मुलांनी अलार्म बॅलन्स कनेक्टरला लावून आतच ठेवून दिला होता, फोममध्ये गुंडाळून. लढत संपली की बाहेरून ऍलन की घालून मुख्य स्विच बंद करायचे, दिवा विझायचा, आणि सगळ्यांच्या मते रोबोट बंद. पण स्विच फक्त जाड लाल तार तोडतो. बॅलन्सच्या बारीक तारा थेट सेलना जोडलेल्या असतात, त्यांच्या वाटेत कुठलाच स्विच नसतो. अलार्म चालूच. पवईहून परत येताना लोकलमध्ये चालू, रात्रभर कपाटात चालू.

मी मधल्या तारांमध्ये मीटर लावून पाहिलं. अलार्मला २० मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागत होता आणि तो बहुतेक सगळा पहिल्या सेलमधून जात होता. खात्रीसाठी एका चांगल्या पॅकला, तिन्ही सेल ३.८२ वर असताना, समोर बसून चार तास तो लावून ठेवला. पहिला सेल ३.७७ वर आला, बाकीचे दोन जागचे हलले नाहीत. दुसऱ्या एका बनावटीच्या अलार्ममध्ये पहिल्या दोन सेलवर भार पडलेला मी पाहिलाय. तुमचा कसा वागतो ते असंच चार तासांत कळेल.

२० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण लढतीनंतर ८५० च्या पॅकमध्ये उरलेले असतात २४० एमएएच. बारा तासांत अलार्म तेवढे सगळे पहिल्या सेलमधून काढून घेतो. शनिवारी संध्याकाळी लढत, रविवारी सकाळी चार्जर: पहिला सेल ३ च्या खाली. चार्जर बॅलन्स करून त्याला ४.२० वर आणतो, पडद्यावर तिन्ही आकडे सारखे दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. व्होल्टेज परत येतो, झालेली इजा परत येत नाही. सेल फार खाली गेला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या जागी जमतं. रोध वाढतो, आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. पुढच्या लढतीत तोच सेल जास्त कोसळतो, जास्त तापतो. दोन-तीन वेळा असं झालं की पॅक संपला.

उपाय दहा सेकंदांचा आहे. अलार्म रोबोटच्या आत ठेवायचाच नाही. पॉलिकार्बोनेटच्या रिंगणात, दोन शस्त्रांच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. पिटमध्ये मोजण्यापुरता चेकर म्हणून वापरा आणि लगेच काढा. आणि झाकणाची रचना अशी करा की पॅक बाहेर काढायला दोनच स्क्रू लागतील. मुलं आळशी नव्हती. वीस मिनिटांत पुढची लढत असताना आठ स्क्रू कुणीच उघडत नाही.

अलार्म नसतानाही तोच सेल खाली जात असेल तर शोधा की कुणी बॅलन्स तारांमधून एलईडी किंवा रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला वीज घेतली आहे का. "दोन सेलमधून घेतली तर रेग्युलेटरची गरज नाही" अशी ही युक्ती असते. तीच कहाणी, दुसऱ्या वेषात. रिसीव्हरला वीज ईएससीच्या बीईसीमधून (त्यातला कमी, स्थिर व्होल्टेज देणारा भाग) किंवा मुख्य स्विचच्या पुढून घ्यायची.

सांधे आणि कनेक्टर

अलार्म सापडल्यावर बाकीच्या रोबोटवरूनही हात फिरवला, आणि एक्सटी-६०, म्हणजे पॅकचा मुख्य कनेक्टर, गरम लागला. कनेक्टर गरम होतो म्हणजे सांधा कच्चा आहे. ५ मिलिओह्मचा सांधा ४० अँपिअरला ८ वॅट खातो, आणि त्या उष्णतेने नायलॉनचं घर मऊ होऊन पिना तिरक्या होतात.

पॅकचा कनेक्टर बदलायचा असेल तर हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक अपघात रोबोटमध्ये होत नाहीत, सोल्डरिंगच्या टेबलावर होतात. लाल आणि काळी तार एकदम कापायची नाही. कटरचं पातं दोन्ही तारांना एकाच वेळी टेकलं की ते पातं म्हणजेच शॉर्ट. आमच्या गाळ्यात एका कटरच्या पात्यावर मोहरीएवढा खड्डा आहे, कडेला निळसर झाक आलेला. ज्याच्या हातात तो होता त्याला इजा झाली नाही, पण नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी आधी तो कटर देते. काळी तार कापा, तिच्या टोकाला लगेच टेप लावा, मग लाल कापा आणि तिलाही टेप. एका वेळी एकच उघडी तार. ती सोल्डर होऊन श्रिंक ट्यूब बसली की मगच दुसरीची टेप काढायची. श्रिंक ट्यूब तारेवर आधी ओवून ठेवायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच एकदा तरी विसरतात.

कनेक्टरला त्याची जोडी लावून ठेवा, म्हणजे नायलॉन तापला तरी पिना सरळ राहतात. बारीक टोकाच्या २५ वॅटच्या गनने हे काम करू नका. ती उष्णता पुरवू शकत नाही, आपण दहा-पंधरा सेकंद धरून बसतो आणि ती सगळी उष्णता तारेतून सेलकडे जाते. ६० वॅट किंवा जास्त, चपटं टोक, ३५० ते ४०० अंश. कनेक्टरच्या पिनचा कप आधी सोल्डरने भरा, तारेच्या टोकावर वेगळा सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र वितळवून तीन-चार सेकंदांत काम संपवा. सांधा चकचकीत आणि कडेने नीट ओघळलेला दिसायला हवा. वर गोळीसारखा बसलेला दिसला तर पुन्हा करा. पूर्ण गार झाल्यावर तार जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर रिंगणाऐवजी इथेच सुटू दे.

४० अँपिअरच्या झटक्यांना एक्सटी-३० पुरत नाही, १.३६ किलोच्या रोबोटला शस्त्र असेल तर एक्सटी-६० लावा. समुद्राची हवा असलेल्या या शहरात सोन्याच्या मुलाम्याखालची पितळेची पिनही कालांतराने काळवंडते, आणि वारंवार काढ-घाल करून फटीची पिन सैल होते. जोडताना बोटांना विरोध जाणवला नाही तर कनेक्टर बदला.

सुटे सेल आणून स्वतः पॅक बांधायचा विचार कुणी करत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: करू नका. थैलीच्या सेलची धन पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही, आणि धरेपर्यंत गन टेकवली तर थैलीचा सील तापतो. कारखान्यात हे वेल्डिंगने होतं. दोन तयार पॅक समांतर जोडायचे असतील तर आधी दोघांचा व्होल्टेज सेलगणिक ०.०५ च्या आत आणा. नाहीतर जोडताक्षणी भरलेला पॅक रिकाम्यात धाडकन करंट ओततो.

पॅक बसवायची जागा

रिकाम्या कप्प्यात हात घालून भिंतीवरून बोट फिरवा. झाकण सगळे स्क्रू आवळून बंद केल्यावर, दुसऱ्या बाजूने टॉर्च मारून परत बघा. स्क्रूचं टोक झाकण उघडं असताना दिसत नाही, आवळलं की दोन मिलिमीटर आत येतं. त्याच्या समोर लिपो असतो. आमच्याकडे असा एक स्क्रू निघाला. फोमवर त्याचा गोल ठसा उमटला होता, पॅकपर्यंत पोचायला कागदाच्या जाडीएवढं अंतर उरलं होतं.

कप्पा टीपीयूमध्ये, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये, प्रिंट केलेला असेल तर उत्तम, तो धक्का पचवतो. त्याच्या आत चारही बाजूंनी ३ मिलिमीटरचा फोम. कार्बन फायबरची कड पॅकजवळ नको: ती धारदार असते आणि वीजही वाहते. झिप टायने पॅक करकचून बांधू नका, टाय थैलीच्या कडेत रुततो. वेल्क्रोचा रुंद पट्टा पुरतो. लढतीत पॅक किंचित सुजतो, त्याला मिलिमीटरभर जागा हवी. बॅलन्सचा कनेक्टर कॅप्टॉन टेपमध्ये (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर टेपमध्ये) गुंडाळून शस्त्राच्या विरुद्ध बाजूला वळवा. त्या बारीक तारा कापल्या गेल्या आणि एकमेकींना टेकल्या तर एकेका सेलचा शॉर्ट होतो.

मुंबईतल्या घरात चार्जिंग आणि साठवण

अलार्म काढल्यावरही आमचा एक जुना पॅक तिन्ही सेलमध्ये सारखाच किंचित फुगायला लागला. तिन्ही सारखे फुगत असतील तर कारण बहुधा उष्णता किंवा भरून ठेवणं. मुलं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सगळे पॅक ४.२० ला भरून ठेवत, आणि ते पत्र्याखालच्या माळ्यावर. एप्रिल-मेमध्ये त्या माळ्यावर हात ठेववत नाही. भरलेला लिपो उन्हाळ्यात आठवडाभर पडून राहिला तर काही न वापरताच म्हातारा होतो. साठवताना प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५, चार्जरमध्ये 'स्टोरेज' म्हणून वेगळा पर्याय असतोच. भरायचं ते लढतीच्या दिवशी सकाळी, फार तर आदल्या रात्री. पॅक जमिनीलगत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

लढतीहून आलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका. ४५ अंशांच्या वर चार्ज करायचंच नाही, आणि डिसेंबर सोडला तर आपल्याकडे पॅक थंड व्हायला वेळ लागतो. पंख्याखाली ठेवा, गालाला लावून गार वाटला की चार्ज करा. दर १ सी, म्हणजे ८५० च्या पॅकला ०.८५ अँपिअर, नेहमी बॅलन्स मोडमध्ये. चार्जरवर लिपोऐवजी एलआयएचव्ही, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या लिपोचा पर्याय, निवडलेला नाही ना ते प्रत्येक वेळी बघा. त्या मोडमध्ये सेल ४.३५ पर्यंत जातो आणि साधा लिपो त्याने नक्की फुगतो.

दहा बाय बाराच्या खोलीत चार्ज कुठे करायचं हा आपला खरा प्रश्न. गादीवर नाही, स्वयंपाकघरात सिलिंडरपाशी नाही, आणि कितीही सोयीचं असलं तरी तुमच्या आणि दाराच्या मधोमध नाही. चाळीत असाल तर जिन्याच्या तोंडाशी नको, तो सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता आहे. फरशीवर, वर पडदा किंवा वाळत घातलेले कपडे नसतील अशा जागी, मातीच्या मोठ्या कुंडीत वाळू घालून त्यात पॅक ठेवा. लोखंडी पेटी वापरत असाल तर झाकण हवाबंद नको, वायूला वाट नसेल तर पेटीच फुटते. चार्ज होईपर्यंत कुणीतरी जागं आणि त्याच खोलीत हवं.

पेट घेतलाच तर आधी माणसं बाहेर, खिडक्या उघड्या. लिपोवर पाणी मारू नये हा समज चुकीचा आहे. यात शुद्ध लिथियमचा तुकडा नसतो, आणि भरपूर पाण्याने शेजारचे सेल थंड होतात. चार्जरचा प्लग मात्र आधी निघायला हवा. आवाक्याबाहेर जातंय असं वाटलं की १०१ ला फोन.

लोकलने नेताना पॅक रोबोटमधून काढून, स्टोरेज व्होल्टेजला, कनेक्टरला टोपी लावून, पाने-स्क्रूड्रायव्हरपासून वेगळ्या कडक डब्यात. दादरच्या गर्दीत मऊ बॅग किती दाबली जाते ते सांगायला नको.

नवीन पॅक घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलात तर चेकर खिशात न्या. काउंटरवरच लावा. तिन्ही सेल ३.८ च्या आसपास आणि आपसात ०.०३ च्या आत हवेत. एखादा ३.५ वर असेल तर तो कपाटात फार दिवस पडून आहे. दुकानदाराने मोजू दिलं नाही तर पुढचं दुकान चार पावलांवर आहे. सारख्या क्षमतेच्या दोन पॅकांमध्ये एक बराच हलका असूनही जास्त सी सांगत असेल तर जड असलेला घ्या.

अलार्म बाहेर काढल्यानंतर घेतलेला एक पॅक आता अकरा लढती खेळलाय. टेपवरचा शेवटचा आकडा ३.६९, ३.७०, ३.७०, आणि पहिल्या सेलचा रोध १० मिलिओह्म.

राहिले ते चार फुगलेले. मुलांनी मिठाच्या पाण्यात बुडवायचं ठरवलं होतं, मी थांबवलं. मीठ आधी पट्ट्या खाऊन टाकतं, जोडणी तुटते आणि आत चार्ज तसाच राहतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब एक्सटी-६० ला जोडला, पॅक गाळ्याबाहेर वाळूच्या बादलीत, आणि एकेक करून पूर्ण विझेपर्यंत पाळीपाळीने बसलो. शून्य झाल्यावर तारांची टोकं वेगवेगळी टेपने बंद केली. घरच्या कचऱ्यात ते टाकता येत नाहीत: पालिकेच्या कॉम्पॅक्टर गाडीत कचरा दाबला जातो, आणि थोडाही चार्ज उरलेला पॅक तिथे पेटू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे बॅटरी घेणारी ई-कचरा संकलन केंद्रं शोधली की सापडतात. चारही पॅक एका डब्यात, वर 'फुगलेले लिपो, डिस्चार्ज केलेले' असं लिहून, तिथे हातात देऊन आलो.